टक्कल आहे, निवडणुकीला विग लावू का? माझा अनुभव सांगतो

भाऊ, तुमची पोस्ट वाचली अन् आठ वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. वय ३४, डोक्यावर चंद्र, ग्रामपंचायतीला उभं राहायचंय अन् बॅनरवर थोबाड कसं दिसेल याचंच टेन्शन. फॉर्म, खर्चाचा हिशोब वगैरे तुम्हाला माहीतच असेल, ते सोडतो.

मी शहरातल्या एका हेअर सेंटरमधून २२ हजारांचा पॅच, म्हणजे टाळूवर चिकटवायचा विग, बसवला (नाव घेत नाही, पण खाज सुटली म्हणून परत गेलो तर मेंटेनन्सचे अजून ४ हजार मागितले, लुटारू लेकाचे). पॅच पडला-बिडला नाही, दिसायला झकास होता. घोळ वेगळाच झाला. आमच्या वॉर्डात माझ्याच नावाआडनावाचे दोघं, बापाचं नाव तेवढं वेगळं. गाव ओळखते एकाला टेलर म्हणून अन् मला टकला म्हणून. समोरच्या पॅनलने बरोब्बर टेलरला डमी उभा केला! अन् माझ्या पत्रकावर हे भरगच्च केस. गल्लीतली म्हातारी पत्रक पाहून म्हणे, "हा कोन होय बाप्पा? आपला टकला नाही का उभा?" मशीनवर दोन सारखी नावं, माझं चिन्ह कपबशी, पण ती कोणाची हेच लोकांच्या डोक्यात बसलं नाही. डमीने ४१ मतं खाल्ली, मी पडलो ९ नी. "टकल्याची कपबशी" एवढं छापलं असतं तरी भागलं असतं हो!

गांधीजी, सरदार पटेल, कोणी त्यांचं टक्कल मोजलं का? आपल्याकडे तर पांढऱ्या टोपीनं कित्येक पुढाऱ्यांचं झाकलं. अमेरिकेत मात्र १९५६ च्या आयझेनहॉवरनंतर टकला माणूस निवडून राष्ट्राध्यक्ष झाला नाही, टीव्हीचा जमाना आला ना. पण लपवलं की लोक तेच पाहतात. इटलीचा तेव्हाचा पंतप्रधान बर्लुस्कोनी, त्याने २००४ मध्ये आपल्याकडे धान रोवतात तसे केस रोवून घेतले अन् डोक्याला रुमाल बांधून ब्रिटनच्या पंतप्रधानाला, टोनी ब्लेअरला भेटला, लोकांच्या लक्षात राहिला तो रुमाल.

मी काही डॉक्टर नाही, अन् तुमच्या गावचं गणित वेगळं असू शकते. केस एकदम आठवड्याभरात गळत असतील तर मात्र निवडणूक बाजूला ठेवा अन् आधी दवाखाना गाठा, जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांतच गळून टक्कल पडलं, ते पाहिलंच ना आपण.

अन् हो, फोटो स्टुडिओत नका काढू, फ्लॅशनं टाळू चमकते. सकाळी कडुनिंबाच्या सावलीत मोबाईलनं काढा, अन् बॅनरवाल्याला आधीच दम द्या, तो न विचारता केस चिकटवतो.