तामेनि की योओनि?

जपानीत 'साठी', 'म्हणून' सांगायला तामेनि आणि योओनि दोन्ही चालतात, पण 'साठी' दिसलं की सरसकट 'तामेनि' ठोकून देऊ नकोस. आधी क्रियापद बघ. ते आपल्या हातातलं असेल तर तामेनि: 'काऊ तामेनि', विकत घेण्यासाठी. पण 'हानासेरु' (बोलता येणं) किंवा 'वासुरेनाइ' (न विसरणं) ठरवून होत नाही, तिथे योओनि. मराठीत 'बोलता यावं म्हणून' असं आपसूक निघतं ना, तीच जागा. कर्ता बदलला, म्हणजे मुलाला ऐकू यावं म्हणून आई मोठ्याने बोलते, तरी योओनिच. भाजी आणायला जायचं असेल तर दोन्ही कशाला? 'काइनि इकु' (विकत घ्यायला जाणं) पुरे. आणि 'त्सुमोरी' (बेत, इरादा) स्वतःच्या बेतापुरता ठेव. सेन्सेईंना (शिक्षकांना) 'इकु त्सुमोरी देस का' (जायचा बेत आहे का) विचारलंस, तर जाब विचारल्यासारखं वाटतं. त्यांना सरळ 'इराश्शाइमास का' (आदराने 'जाणार का') म्हण.