अडचणीची गोष्ट म्हणजे खरी गोष्ट?

प्रश्न: योहान नावाच्या ज्यू उपदेशकाने येशूला बाप्तिस्मा (पाण्याने शुद्ध करण्याचा विधी) दिला हे इतिहासकार खरं धरतात, कारण म्हणे ती गोष्ट चर्चला अडचणीची होती (निष्पाप येशूला पापक्षमेचा विधी कशाला, आणि मग देणारा मोठा की घेणारा?), स्वतःहून कोण रचेल? पण अडचणीची म्हणून खरी, हे कुठलं लॉजिक?

उत्तर: लॉजिक अर्धंच आहे, पण टाकाऊ नाही. शुभवर्तमानं म्हणजे बायबलमधली येशूची चार चरित्रं. त्यातलं मार्कचं साधारण इ.स. 70 च्या आसपासचं, त्यात योहान पापक्षमेसाठी बाप्तिस्मा देतोय, येशू येतो, घेतो, विषय संपला. मत्तयमध्ये योहान आधी आढेवेढे घेतो, अहो मीच तुमच्याकडून घ्यायला हवा म्हणतो. लूकची तर गंमतच, तो योहानाला आधी तुरुंगात टाकतो आणि पुढच्याच ओळीत येशूचा बाप्तिस्मा झाला म्हणतो, दिला कुणी ते नाहीच! आणि चौथ्या शुभवर्तमानात योहान साक्ष देतो, बाप्तिस्मा मात्र गायब.

सारवासारव चाललीय हे उघड आहे. पण कुणाची? मार्कला काही लाज वाटलेली दिसत नाही, त्याच्याकडे आकाश फाटतं, 'तू माझा पुत्र' असा आवाज येतो, त्याच्यासाठी तो मोठेपणाचाच सीन आहे. म्हणजे अडचण नंतरच्यांची झाली, आणि त्यावरून एवढंच कळतं की गोष्ट त्यांच्याआधीपासून चालत आलेली होती. घटना घडली की नाही हा वेगळा प्रश्न, लोक तिथे सरळ उडी मारतात.

कॉलिंगवूड नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ याच सवयीवर चिडायचा, जुन्या ग्रंथातली वाक्यं कापून खरी-खोटी अशी वेगळी करायची आणि खरी तेवढी चिकटवायची, याला तो कात्री-गोंदाचा इतिहास म्हणायचा. त्याचं म्हणणं, वाक्य खरं का विचारण्याआधी ते इथे का आलं ते विचारा, मग खोटं वाक्यसुद्धा पुरावा ठरतं. लूकचं ते कर्ता गाळलेलं वाक्य बघा ना.

मग बाहेरचं काय मिळतं? ज्यू इतिहासकार जोसेफस इ.स. 93-94 च्या सुमारास योहानाबद्दल लिहितो, त्याचा बाप्तिस्मा, गर्दी, तिथला शासक हेरोद याने त्याला मारणं, सगळं आहे, पण त्या मजकुरात येशू नाही. म्हणजे योहानाची चळवळ स्वतःच्या पायावर उभी होती, आणि येशू आधी तिच्यातला एक होता असं धरलं की नंतरच्या तिघांची धडपड नीट समजते. म्हणून बाप्तिस्मा झाला असं मी मानतो, 'अडचणीची म्हणून खरी' या नियमामुळे नाही. आकाशातल्या आवाजाचं मात्र आम्हाला विचारू नका, लोकांनी तसं मानलं इथपर्यंतच आमची हद्द.