थ्री-इन-वन वेल्डिंग मशीनवरचे एवढे नॉब आणि मोड कशासाठी? रॉडची सवय असलेल्याने सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलेत की आठ वर्षे रॉडनेच ग्रील-गेटची कामे केलीत, आता सिंगल फेजवर चालणारे २०० अँपियरचे थ्री-इन-वन मशीन घेतलेत, म्हणजे रॉड, मिग (टॉर्चमधून आपोआप पुढे येणारी वायर वितळवणारे) आणि टिग (टंगस्टनच्या सुईने आर्क पेटवणारे) असे तिन्ही वेल्डिंग एकात, आणि मिगवर टाकले की अँपियर कुठे लावायचे तेच सापडत नाही. पुस्तिका इंग्रजीत, तीही धड नाही. याच मशीनवर ॲल्युमिनियम होईल का, हेही विचारलेत.

माझे वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, फॅब्रिकेशनचे छोटे युनिट आहे. हाच प्रश्न माझ्याकडे येणारा प्रत्येक नवा कारागीर विचारतो, आणि ज्याचा रॉडवर हात चांगला बसलेला असतो त्यालाच तो जास्त छळतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अँपियर सापडत नाहीत, कारण मिगमध्ये अँपियरचा वेगळा नॉबच नसतो. रॉडच्या मोडमध्ये मशीन करंट धरून ठेवते. रॉड जवळ गेला, लांब गेला, तरी करंट जवळपास तेवढाच राहतो. आर्क, म्हणजे रॉड आणि काम यांच्यामधली ज्योत, किती लांब ठेवायचा हे तुमचे मनगट ठरवते. आठ वर्षांत तुमचा हात हेच शिकला आहे. मिगमध्ये मशीन व्होल्टेज धरून ठेवते आणि वायर एकसारखी पुढे ढकलत राहते. हात थोडा वर गेला, आर्क लांबला, की करंट आपोआप उतरतो, वायर कमी वितळते आणि मागून येणारी वायर ते अंतर भरून काढते. हात खाली आला की करंट चढतो, वायर भराभर वितळते आणि आर्क पुन्हा जागेवर येतो. म्हणजे आर्कची लांबी आता मशीन सांभाळते, आणि करंट ठरतो वायर किती वेगाने येते त्यावर. वायर स्पीडचा नॉब हाच तुमचा अँपियरचा नॉब. वायर वाढवली की अँपियर वाढले. दुसरा नॉब व्होल्टेजचा. त्याने झाळ उंच दोरीसारखी बसते की पसरट, ते ठरते. एवढे डोक्यात बसले की बाकीचे पॅनेल फार अवघड नाही.

आता तुमच्याच कामाचे उदाहरण घेऊ. २ मिलिमीटर जाडीचा एमएसचा (साध्या लोखंडाचा) चौकोनी पाइप, ०.८ मिलिमीटरची साधी वायर. पातळ मालाला मिलिमीटरमागे सुमारे ४० अँपियर हा हिशेब मी धरतो, म्हणजे ८० अँपियर. व्होल्टेजसाठी, मशीनच्या रेटिंग प्लेटवरचे आकडे ज्यावरून काढतात ते सूत्र उपयोगी पडते: मिगसाठी १४ अधिक अँपियरचे ०.०५ पट. ८० ला ते १८ व्होल्ट येते. ०.८ च्या वायरला ८० अँपियरसाठी मिनिटाला साधारण ४ मीटर वेग लागतो. तुमच्या नॉबवर नुसते १ ते १० आकडे असतील, तर सहा सेकंद ट्रिगर दाबून आलेली वायर मोजा आणि दहाने गुणा. ४० सेंटीमीटर आली तर मिनिटाला ४ मीटर. हे करताना टॉर्च अर्थिंगपासून आणि कामापासून दूर धरा, बाहेर येणाऱ्या वायरमध्ये करंट असतो.

हे आकडे सुरुवातीचे. पुढचे कानाने. भजी तळताना कढईतून येतो तसा सलग, बारीक तडतडाट आला की जमले. वायर कामावर ठोकल्यासारखी आदळत असेल आणि टॉर्च हाताला मागे रेटत असेल, तर व्होल्टेज कमी आहे किंवा वायर जास्त. वायरच्या टोकाला मोठा गोळा धरून तो टपटप पडत असेल आणि आर्क टिपकडे (टॉर्चच्या तोंडाच्या तांब्याच्या नळीकडे) चढत असेल, तर व्होल्टेज जास्त. एका वेळी एकच नॉब हलवा. दोन्ही एकदम फिरवलेत तर कान काहीच शिकत नाही. आणि टिपपासून कामापर्यंत १० ते १२ मिलिमीटर अंतर ठेवा. रॉडवाले सवयीने हात लांब धरतात, मग करंट पडतो आणि झाळ नुसती वर बसते.

पोलॅरिटीची गोष्ट मात्र पॅनेलवर दिसत नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिनेच होते. बाजूचे दार उघडले की आत, किंवा पुढे आखूड केबलने, टॉर्च प्लसला की मायनसला जोडायची सोय असते. गॅस आणि साधी वायर असेल तर टॉर्च प्लसला, अर्थिंग मायनसला. बिनगॅसची फ्लक्स-कोअर वायर (पोटात फ्लक्स भरलेली) असेल तर बहुधा उलटे, टॉर्च मायनसला; वायरच्या खोक्यावर लिहिलेले असते. टिगला टॉर्च मायनसला. रॉडमध्ये ६०१३ नंबरचा रॉड दोन्हीकडे चालतो, ७०१८ नंबरच्याला होल्डर प्लसला. बरीच वर्षे झाली, मी साइटवर फ्लक्स-कोअर वापरून परत आलो, साधी वायर चढवली आणि केबल बदलायची राहिली. अर्धा दिवस व्होल्टेज आणि वायरशी झुंजलो. स्पॅटर (उडणारे वितळलेले थेंब) थांबेना, झाळ वरवर गुंडाळल्यासारखी बसली, मुळात शिरलीच नाही. मशीनगार्डच्या चाळीस फ्रेम ग्राइंड करून पुन्हा मारायला लागल्या. तेव्हापासून आमच्याकडे वायर बदलणाऱ्याने आधी केबल बघायची, मग स्पूल उतरवायचा.

गॅसचाही एक घोळ सांगतो. आमच्या भागात टिगला ‘आर्गन’ म्हणतात आणि मिगला ‘सीओटू’. तरीही काही जण टिगवर सीओटूचा बाटला लावतात आणि टंगस्टन जाळून बसतात. टिगला शुद्ध आर्गन. लोखंडावर मिगला सीओटू किंवा आर्गन-सीओटूचे मिश्रण. नुसत्या आर्गनवर लोखंडाची झाळ नीट बसत नाही. फ्लो मिनिटाला १० ते १५ लिटर, आणि पंख्याचा झोत कामावर येऊ देऊ नका.

इंडक्टन्सच्या नॉबला लोक घाबरतात. मिगमध्ये कमी व्होल्टेजवर वायर सेकंदाला कितीतरी वेळा वितळलेल्या धातूला टेकते आणि सुटते. टेकताना करंट किती झटक्याने चढावा, ते हा नॉब ठरवतो. इंडक्टन्स कमी असेल तर आर्क कडक, स्पॅटर जास्त. वाढवला तर मऊ, झाळ पसरते, कडा छान मिळतात. सीओटूवर मी मध्याच्या थोडा वर ठेवतो. काही मशीनवर हाच नॉब रॉडच्या मोडमध्ये आर्क फोर्सचा होतो, म्हणून मोड बदललात की तो कुठे राहिला आहे ते बघा. आर्क फोर्स म्हणजे रॉड फार जवळ गेला तर मशीन करंट वाढवून त्याला चिकटू देत नाही. ६०१३ ला थोडा पुरतो. हॉट स्टार्ट आर्क पेटवताना क्षणभर करंट वाढवतो. व्हीआरडी (व्होल्टेज उतरवणारी सुरक्षेची सोय) असेल तर काम थांबल्यावर होल्डरवरचे व्होल्टेज खाली येते; पावसाळ्यात ओल्या जागी ते चालूच ठेवा.

सिनर्जिक मोडमध्ये वायरची जाडी, गॅस आणि धातू सांगितला की वायर स्पीडबरोबर व्होल्टेज मशीनच लावते. चांगली सोय आहे, पण गॅस खरा सांगा. मिश्रणापेक्षा सीओटूला एक-दोन व्होल्ट जास्त लागतात. मिश्रण निवडून सीओटू जोडलात तर वायर ठोकतच राहील. तरी पहिला महिना मॅन्युअल मोडवर काढा, म्हणजे सिनर्जिक चुकले की तुम्हाला कळेल. टू-टीमध्ये ट्रिगर दाबून ठेवायचा, फोर-टीमध्ये एकदा दाबून सोडायचा आणि शेवटी पुन्हा दाबायचा. लांब झाळेला फोर-टी, टाक्यांना टू-टी.

रेटिंग प्लेटवर ‘६० टक्के, २०० अँपियर’ असेल तर त्याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटे, आणि तेही ४० अंशांच्या हवेत. मे महिन्यात आमचा पत्र्याचा शेड त्याच्या वर जातो, तेव्हा मशीन लवकर ट्रिप होते. न थांबता चालवायचे तर सुमारे १५५ अँपियरच धरा. घरच्या १६ अँपियरच्या सॉकेटवर पूर्ण ताकद मागू नका: २०० अँपियर गुणिले २४ व्होल्ट म्हणजे ४.८ किलोवॅट झाळेवर, मशीनमधला तोटा धरला तर मीटरवरून सहा किलोवॅटच्या आसपास, म्हणजे २६ अँपियर तरी. स्वतंत्र लाइन आणि जाड वायर घ्या.

माझे आजोबा वडोदऱ्याच्या कलाभवन या तंत्रशाळेत शिकले, सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेल्या. लेथवर कुठल्या कामाला कुठला लिव्हर कुठे ठेवला, ते मशीनच्या दारावर खडूने लिहून ठेवायची त्यांची पद्धत. आम्ही मार्करने लिहितो: जाडी, वायर, व्होल्ट, वायर स्पीड, गॅस. तुम्हीही आजपासून लिहा. दोन महिन्यांत तुमच्या मशीनची, तुमच्या भाषेतली पुस्तिका दारावर तयार होईल.

ॲल्युमिनियमचे: टिगने करायचे तर एसी लागतो. तुम्ही सांगितलेले मशीन लिफ्ट टिगचे (टंगस्टन कामाला टेकवून उचलला की आर्क पेटतो) आहे, आणि अशा मशीनमधून बहुधा नुसता डीसी निघतो. डीसीवर वरचा ऑक्साइडचा थर फुटत नाही. मिगने जमते, पण ॲल्युमिनियमची वायर, शुद्ध आर्गन, यू खाचेचे रोलर आणि शक्यतो स्पूल गन (वायरचा छोटा स्पूल टॉर्चवरच असतो) लागते. साध्या लांब टॉर्चमध्ये मऊ वायर गोळा होऊन अडकते. मशीनला स्पूल गनचे सॉकेट आहे का बघा. महिन्याला एखादेच काम येत असेल तर ते सध्या बाहेरून करून घ्या.