काळ्याने गॅम्बिट खेळावा का? खेळावा, पण बुडापेस्ट

तुम्ही विचारलंय की बुद्धिबळात ऑनलाइन एंग्लुंड गॅम्बिटने (१. डी४ ई५) बरेच डाव पटापट जिंकता, पण समोर जाणता खेळाडू आला की हरता. (गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच मुद्दाम प्यादं देऊन हल्ल्याची संधी मिळवणं. खेळी लिहिताना आधी पांढऱ्याची, मग काळ्याची; नुसतं डी४ म्हणजे त्या घरात प्यादं.) मग काळ्याने गॅम्बिट सोडूनच द्यावा का?

सोडू नका. एंग्लुंड सोडा आणि बुडापेस्ट घ्या. दोन्हीत काळा ई५ वर प्यादं देतो. पण एंग्लुंडमध्ये ते पहिल्याच खेळीला जातं, तेव्हा पांढऱ्याच्या घरात कुठे भगदाड नसतं. तुमचा वजीर बी२ चं प्यादं खातो, पांढरा उंटाऐवजी घोडा सी३ वर आणतो आणि मग वजीर पळत सुटतो. बुडापेस्टमध्ये (१. डी४ घोडा एफ६ २. सी४ ई५) पांढऱ्याचं सी प्यादं पुढे गेलेलं असतं. बी४ वरून उंटाने शह दिला तर सी३ करून तो अडवता येत नाही. सगळी गंमत त्या बी४ घरात आहे.

पट मांडूनच बघा. ३. पांढरा ई५ मारतो, घोडा जी४ ४. उंट एफ४, घोडा सी६ ५. घोडा एफ३, उंट बी४ शह ६. बी१ चा घोडा डी२, वजीर ई७ ७. ए३. उंटावर हल्ला आहे, तरी उंट हलवू नका; जी४ च्या घोड्याने ई५ चं प्यादं मारा. पांढऱ्याने उंट खाल्ला की घोडा डी३, मात! ई२ चं प्यादं त्या घोड्याला मारू शकत नाही, कारण मागे राजा आणि समोर ई७ ला तुमचा वजीर. राजाला हलायला घर नाही, सगळी त्याच्याच मोहऱ्यांनी भरलेली.

पांढरा फसला नाही, तर ई५ वर घोड्यांची मारामारी होते. त्याचे दोन्ही उंट टिकतात, तुमचा एक जातो; डाव त्याला जरा सोयीचा. पण तुमचं प्यादं परत आलेलं असतं आणि खेळ शिल्लक असतो. गॅम्बिट निवडताना मी हेच बघतो.

१९१८ साली बर्लिनला मिलान विदमार या खेळाडूने काळ्याकडून अकिबा रुबिनस्टाईनसारख्या दिग्गजाला याच ओपनिंगने (सुरुवातीने) २४ खेळींत हरवलं. तिथे पांढऱ्याने सहाव्या खेळीला घोडा सी३ वर आणून प्यादं राखलं होतं. विदमारने एफ४ वर हत्ती देऊन राजाला बाहेर ओढलं, तो थेट एच५ पर्यंत. तो डाव पटावर दोनदा तरी खेळून काढा.

पांढऱ्याने दुसऱ्या खेळीला सी४ ऐवजी घोडा एफ३ वर आणला, तर बुडापेस्ट होत नाही. त्याची तयारी वेगळी ठेवा. आणि बुडापेस्टमध्ये पांढऱ्याचं चौथ्या खेळीचं ई४ आधी शिका. तिथे घोड्याने लगेच ई५ मारा. एफ४ आलं की तो सी६ किंवा जी६ ला मागे घ्या.