रक्त थांबलं, मग दुर्बीण कशाला?

५८ वर्षांचे गृहस्थ पत्नीला घेऊन आले होते. तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी लघवी लाल झाली. ना दुखलं, ना जळजळ. दुसऱ्या दिवशी रंग नेहमीसारखा. डॉक्टरांनी सीटी युरोग्राफी, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतच्या मार्गाचा सीटी स्कॅन, आणि सिस्टोस्कोपी, म्हणजे मूत्राशयाची दुर्बिणीने तपासणी, लिहून दिली होती. "हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी घेतो मी. तिच्यामुळेच झालं असणार. आता थांबलंय तर दुर्बीण कशाला?" पत्नीचा प्रश्न वेगळा होता, तोही दबक्या आवाजात: "कॅन्सर तर नसेल ना?"

आधी गोळीचं. या गोळीने रक्त गोठायला वेळ लागतो, पण ते झिरपायला कुठेतरी जागा लागतेच. म्हणून गोळी घेणाऱ्यांचीही तपासणी इतरांसारखीच पूर्ण होते. मात्र गोळी मनानेच बंद करायची नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

मग धारेचं. रक्त सुरुवातीला दिसलं, शेवटी, की पूर्ण धारेत? हे सहसा कोणी आपणहून सांगत नाही. सुरुवातीलाच दिसलं तर मूत्रमार्गाकडे, शेवटच्या थेंबांत दिसलं तर मूत्राशयाच्या तोंडाकडे किंवा प्रोस्टेटकडे लक्ष जातं. यांची पूर्ण धार लाल होती, वर एक काळपट गुठळीही पडली होती. अशी धार मूत्राशयातून किंवा त्याच्याही वरून येते. गुठळी असेल तर मूत्रपिंडाच्या गाळणीचा आजार असण्याची शक्यता कमी. त्यात लघवी बहुधा कोलासारखी तपकिरी दिसते आणि प्रथिनं जातात.

रिपोर्टवर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. आरबीसी, म्हणजे लाल रक्तपेशी, ८-१० प्रति एचपीएफ, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणाऱ्या भागात. सूक्ष्मदर्शकाखाली ३ किंवा अधिक दिसल्या की दखल घ्यावी लागते, म्हणजे डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या लघवीत रक्त अजून होतंच. प्रोटीन निल, कास्ट (मूत्रपिंडाच्या नलिकांत बनणारे साचे) नाहीत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारा रक्तातला आकडा) ठीक, कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) जंतू नाहीत. लघवीत बुडवायची नुसती पट्टी लाल रक्तपेशी मोजत नाही. स्नायूंतून सुटलेल्या मायोग्लोबिननेही ती रंग बदलते. म्हणून सूक्ष्मदर्शकाचा आकडा हवाच.

"सिगारेट?" "सोडली ८ वर्षांपूर्वी." त्याआधी रोज एक पाकीट, २५ वर्षं. सोडल्याने धोका उतरतो, पण हिशेब शून्यावर येत नाही. वय, सिगारेट आणि दुखण्याशिवाय दिसलेलं रक्त, या तिन्हींमुळे दोन्ही तपासण्या लागतात. मूत्राशयाच्या गाठीतून रक्त येतं, थांबतं, महिनोन् महिने येतही नाही. थांबलं म्हणजे कारण गेलं, असं धरता येत नाही. (बायकांच्या बाबतीत पुष्कळदा असं घडतं: कल्चर न करता इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स होत राहतात. इन्फेक्शन खरंच असलं तरी औषध संपल्यावर लघवी पुन्हा तपासून रक्त गेल्याची खात्री करायची असते.)

सीटीत मूत्रपिंडं आणि तिथून मूत्राशयाकडे येणाऱ्या मूत्रवाहिन्या नीट दिसतात. मूत्राशयाच्या आतल्या पडद्यावरचा चपटा लालसर डाग मात्र त्यात निसटू शकतो. तो दुर्बिणीलाच दिसतो.

खरी भीती दुर्बिणीचीच होती. लवचीक नळी, साधारण पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक. आधी बधिर करणारी जेली मूत्रमार्गात सोडून काही मिनिटं थांबतात. प्रोस्टेटपाशी नळी येते तेव्हा ताण जाणवतो. तिथे अंग आवळू नये, लघवी सोडताना करतो तसं सैल करावं. आत पाहायला मोजकी मिनिटं पुरतात. नंतर एक-दोन दिवस जळजळ होते, लघवी गुलाबीसर असते. ताप, गुठळ्या किंवा लघवी अडली तर लगेच दवाखाना गाठायचा.

"आणि कॅन्सर?" याला "छे, काही नाही हो" म्हणणं सोपं होतं, पण खोटं ठरू शकलं असतं. पत्नीला एवढंच सांगितलं, की अशा बऱ्याच जणांत कारण साधं निघतं, आणि गाठ असलीच तर लवकर सापडलेली हवी.

सीटीत काही आढळलं नाही. दुर्बिणीत डाव्या मूत्रवाहिनीच्या तोंडाजवळ सुमारे १ सेंटिमीटरची, पाण्यातल्या शेवाळासारखी हलणारी गाठ दिसली. भूल देऊन दुर्बिणीतूनच ती काढली. अहवाल आला: कमी आक्रमक, स्नायूपर्यंत न गेलेली. ३ महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. या गाठी परत उगवू शकतात, म्हणून. या वेळी त्यांनी "कशाला" विचारलं नाही. जेली लावल्यावर जरा जास्त वेळ थांबता येईल का, एवढंच विचारलं. येतं.