इमारतीतलं 'कळायला' आर्किटेक्चर शिकावं लागतं का?

प्रश्न: जुन्या इमारती बघायला आवडतात, पण जाणकार शैली आणि काळ यांवर बोलू लागले की मी गप्प होतो. सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करू?

उत्तर: गप्प बसू नका. माझे वडील असेच गप्प बसले होते, ते मला आजही डाचतं.

आण्णा गवंडी होते. उमेदीत त्यांनी जुन्या वाड्यांची डागडुजी केली, घाण्यात मळलेल्या चुन्याची कामं केली. आमचे दाजी आर्किटेक्ट. एका रविवारी ते आम्हाला पुण्यातला विश्रामबागवाडा दाखवायला घेऊन गेले. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, दर्शनी बाजूचं कोरीव लाकूडकाम, सुरूच्या झाडासारखे खांब, १८७९ ची आग, नंतरची दुरुस्ती, सगळं दाजी छान सांगत होते. आण्णा मात्र वाड्याच्या चौकात, म्हणजे आतल्या उघड्या अंगणात, उकिडवे बसले, फरशीवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "पावसाचं पाणी कुठल्या कोपऱ्याला काढलंय?" दाजींचे दोन मित्र हसले. दाजी म्हणाले, "मामा, इमारत अशी बघायची नसते." आण्णा उठले, हात झटकले. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

इमारत अशीच बघायची असते. वाड्याच्या चारी बाजूंची आतली पाखी, म्हणजे छपराचे उतार, चौकात उतरतात. आषाढातलं तेवढं पाणी जोत्यात, म्हणजे घराखालच्या चौथऱ्यात, मुरलं, तर लाकडी खांब बुडातून कुजतो. म्हणून तो तळखड्यावर, म्हणजे बुडाखालच्या दगडावर, उभा करतात आणि चौकाला उतार देतात. नक्षी त्यानंतर. शब्दांचं म्हणाल, तर तेही आपल्याकडे होते. आण्णा खोली फुटांत सांगत नसत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, सोपा (घराची ओसरी) तीन खणी की पाच खणी एवढं ऐकलं की त्यांच्या डोळ्यांपुढे घर उभं राहायचं.

दाजींचं दैवत म्हणजे आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया. त्यांची मुंबईतली कांचनजंगा ही राहती इमारत (१९८३, २८ मजले) बघा. वारा पश्चिमेच्या समुद्रावरून येतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. म्हणून कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या ठेवल्या. पाऊस कुठून येतो, हाच तो प्रश्न. कोरियांनी विचारला तर ती वास्तुकला, आणि आण्णांनी विचारला तर अडाणीपणा?

तेव्हा पुस्तक नंतर. आधी एकाच वाड्यात भर उन्हात जा, मग मुसळधार पावसात जा. ओळखीचा जुना गवंडी किंवा सुतार असेल तर त्याला बरोबर न्या आणि त्याचा हात कुठे जातो ते बघा.

शैलीची नावं फुकट आहेत असं मात्र नाही. सुरूचा खांब मला दाजींमुळेच ओळखता येतो, हे कबूल. शिवाय मी बोलतोय ते राहत्या घरांबद्दल. देवळांचं गणित वेगळं, ते दाजींसारख्यांनाच विचारा.

दाजी हे वाचतीलच. दाजी, आण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. येत्या पावसाळ्यात आपण दोघं त्या चौकात जाऊ. पाणी कुठल्या कोपऱ्याला जातं ते अजून बघायचं राहिलंय.