मॉडेल रेल्वेचा पहिला लेआउट (रुळांची मांडणी) करताना
अरे, पहिल्याच मॉडेल रेल्वेत तू थेट कसारा घाटच बांधायला निघालास! हौस कळते, पण थांब जरा. खऱ्या घाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे, म्हणून तर कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना गाड्यांना मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लावतात. तुझ्या छोट्या इंजिनाची चाकं तिथे जागीच फिरतील. आधी सपाट प्लायवूडवर एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापातल्या रुळांचा एक गोल टाक: प्रमाण १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. सांधे जोडलेस की त्यांवरून बोट फिरव. जिथे नख अडेल, तिथेच डबा घसरणार. पावसाळ्यात रूळ काळवंडले की इंजिन आचके देतं. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचे. सँडपेपर अजिबात नको, ओरखड्यांत मळ बसतो. माझ्याकडे जुने रूळ पडलेत, शनिवारी नाशिकरोडला ये नि घेऊन जा.